तीन की तीस?



आजची नोंद पिकाची नाही, आवाजाची आहे. पण ती सुरू झाली कापसाच्या दोन एकरांतून, म्हणून इथेच लिहितोय. जरा लांबली आहे, निवांत वाचा.

गावच्या ग्रुपवर मी बऱ्याच वर्षांपासून आवाजातले मेसेज टाकतो. काय फवारलं, किती फवारलं, काय जमलं, काय फसलं. लिहून का टाकत नाही, असं एका कृषी पदवीधर मित्राने विचारलं होतं. त्याला सांगितलं, बाबा, आमच्याकडे काहींना वाचता येत नाही, काहींचा चष्मा घरी राहतो, आणि खुरपणाऱ्या बाईला हात थांबवून मोबाईल वाचणं परवडत नाही. ऐकणं परवडतं. माझी काकू अशीच ऐकते. मोबाईल पदरात गुंडाळून कमरेला खोचते आणि काम चालू ठेवते.

तर मागच्या खरिपातली गोष्ट. ऑगस्ट सरत आला होता. मधे पंधरा दिवस पावसाने ताण दिला आणि मग एकदम झड लागली. असं झालं की कापसाची पातेगळ ठरलेली. ग्रुपवर चार जणांनी विचारलं, काय घ्यायचं? मी बांधावर उभा होतो. वारं सुटलेलं. शेजारच्या विहिरीवर डिझेल इंजिन लावून शेततळं भरणं चालू होतं. मी मोबाईल तोंडापुढे धरला आणि बोललो, "एनएए घ्या, साडेचार टक्केवालं. पंधरा लिटरच्या पंपाला तीन मिली. जास्त घेऊ नका." वीस सेकंदांचा मेसेज. पाठवला आणि कामाला लागलो.

माझ्या धाकट्या चुलतभावाने तो गाडीवर जाताना ऐकला, तोही दीडपट वेगाने. त्याला ऐकू आलं, "तीस मिली".

दोन एकराला त्याला अठरा पंप लागले. म्हणजे ५४ मिली पुरलं असतं तिथे ५४० मिली गेलं. नंतर तो म्हणाला, "लई लागतंय असं मनात आलं होतं दादा, पण म्हणलं तू सांगितलंय म्हणजे बरोबरच असंल."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. एनएए हे संजीवक आहे. साडेचार टक्केवालं पंधरा लिटरला तीन मिली घेतलं तर द्रावण साधारण ९ पीपीएमचं होतं. एवढ्याशा मात्रेत ते पाते-फुलं धरून ठेवायला मदत करतं. तेच ९० पीपीएम झालं की झाडात इथिलीन वाढतं आणि उलट गळ होते. फळबागेत विरळणीसाठी जास्त मात्रेत हेच वापरतात. म्हणजे गळ थांबवायचं औषध मात्रा चुकली की गळ करणारं औषध होतं.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याच्या कपाशीचे देठ खाली वाकले, शेंडे पिळल्यासारखे दिसायला लागले. आधी आम्हाला वाटलं, पंपात टू-फोर-डी तणनाशकाचा अंश राहिला असणार, कारण लक्षणं बरीच तशीच. तो शपथेवर सांगत होता की तणनाशकाचा पंप वेगळा आहे. आठवडाभरात सरीत पात्यांचा सडा पडला.

कृषी विज्ञान केंद्राचे साहेब आले. त्यांनी दोन शेंडे मोडून पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला, "काय फवारलं आणि पंपाला किती?"

"एनएए. तीस मिली."

"तीस? कोणी सांगितलं?"

भावाने काही न बोलता मोबाईल काढला आणि मेसेज लावला. मी शेजारीच उभा होतो.

मंडळी, तो मेसेज आम्ही तीन वेळा ऐकला. मी काय बोललो ते मला पक्कं माहीत होतं. तरी त्या छोट्या स्पीकरवर मलाही "तीस" ऐकू आलं. आणि शेवटचं "जास्त घेऊ नका" हे "जास्त घेऊ न..." असं काहीतरी होऊन इंजिनात बुडालं होतं. साहेब काही बोलले नाहीत. काकू बांधावर बसली होती, ती एवढंच म्हणाली, "तुझाच आवाज ऐकून फवारलं रे बाबा."

दुसरं कोणी बोललं असतं तर मी भांडलो असतो. काकूला काय बोलणार?

कापूस हे झाड तसं दयाळू. वाढ चालू असते, नवीन पाते धरतं. साहेबांच्या सल्ल्याने पुढचं सांभाळलं, थोडं सावरलं. पण पहिला बहर गेला तो गेला, आणि उशिराच्या बोंडांवर गुलाबी बोंडअळीने हात मारला. ज्या रानात त्याला एकरी आठ-नऊ क्विंटल होतात तिथे पाच भरला. मी म्हणालो, "अर्धं नुकसान माझं." तो म्हणाला, "राहू दे." एवढं बोलून तो दोन महिने माझ्याशी बोलला नाही.

त्या दोन महिन्यांत मी ग्रुपवर एकही मेसेज टाकला नाही. आपण आपलं शेत करावं, कशाला पाहिजे शहाणपणा, असं वाटायचं. मग एक दिवस काकूच म्हणाली, "तू बोलत नाहीस तर आता पोरं कुठला कुठला व्हिडिओ बघून फवारायलीत." म्हणजे गप्प बसणं हाही काही उपाय नव्हता.

मुलगी कॉलेजला आहे, दिवाळीत घरी आली होती. तिला तो मेसेज ऐकवला. तिने लॅपटॉपवर ऑडेसिटी नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर उघडून आवाजाचं चित्र दाखवलं आणि समजावलं. "तीन"मधला "न" नाकातून येतो, खालच्या पट्टीतला आणि मवाळ असतो. डिझेल इंजिनाची धडधडही खालच्याच पट्टीत, तिने तो "न" गिळला. उरलं "ती...". नेमकी त्याच जागी कपाशीच्या पानांची सळसळ आली. "स" हे अक्षर म्हणजे तरी काय, एक छोटी सळसळच. कानाने ती उचलली आणि "तीस" करून टाकलं. त्यात आपल्या कानाला "तीस मिली"ची सवय. लिटरला दोन मिली धरलं की पंधरा लिटरच्या पंपाला तीसच होतात, आणि निम्म्या औषधांना आपण तेच घेतो. कान सवयीचं ऐकतो.

मी म्हणालो, "म्हणजे माझं बोलणं बरोबर होतं."

ती म्हणाली, "बाबा, तुम्ही काय बोललात त्याला काय करायचं? फवारणी ऐकलेल्यावर होते."

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय. त्यानंतर घरच्या घरी आवाज नीट रेकॉर्ड करायचं शिकलो. फार मोठा खर्च नाही. शिकलेलं इथे देतो, कोणाला उपयोगी पडलं तर पडलं.

जागा. शेतातून बोलायचं बंद केलं. शेतातली माहिती शेतात वहीवर लिहायची आणि रेकॉर्ड घरी करायचं. पण आमचं नवीन घर सिमेंटचं, भिंती गुळगुळीत, वर स्लॅब. तिथे बोललं की आवाज विहिरीत बोलल्यासारखा घुमायचा. एक शब्द संपायच्या आत त्याचा प्रतिध्वनी पुढच्या शब्दावर चढतो आणि अक्षरं एकमेकांत मिसळतात. घरभर मोबाईल घेऊन फिरलो. सगळ्यात चांगला आवाज कुठे आला सांगू? जुन्या घरातल्या कापसाच्या खोलीत.

भाव वाढेल म्हणून आपण कापूस घरात भरून ठेवतो. त्या खोलीत शिरून टाळी वाजवून बघा. टाळी वाजते आणि तिथेच मरते. कापसासारखी मऊ, सच्छिद्र वस्तू आवाज पिऊन टाकते. शहरातले स्टुडिओवाले भिंतीला जे फोम नाही तर लोकरीचे पत्रे लावतात, त्यांचं कामही हेच. आपल्याकडे छातीएवढा ढीग आयताच पडलेला असतो. दोन गोष्टी मात्र सांगतो. घरात साठवलेल्या कापसाने अंगाला खाज सुटते, त्यामुळे दहा-पंधरा मिनिटांत काम उरकायचं. आणि तिथे दिवा, उदबत्ती, विडी काही न्यायचं नाही, चार्जरसुद्धा नाही. मोबाईल बाहेर चार्ज करूनच आत जायचं.

कापूस विकला गेला की खोली पुन्हा घुमायला लागते. तेव्हा दोरीवर दोन गोधड्या टाकतो, एक पाठीमागे आणि एक समोर. जाड वाकळ असेल तर उत्तम. पातळ चादरीने फार फरक पडत नाही. आणि एक लक्षात घ्या, गोधडी काय नि कापूस काय, खोलीतला घुमारा मारतात, बाहेरच्या मोटारीची घरघर अडवत नाहीत. खालच्या पट्टीचा आवाज यातून आरपार येतो. त्यावर उपाय वेळेचा.

वेळ. लाईट गेली की आपण शिव्या घालतो. मी आता वाट बघतो. पंखा बंद, फ्रीज बंद, शेजारची पिठाची गिरणी बंद, आसपासच्या मोटारी बंद. नाहीतर पहाटे पाच, चिमण्या उठायच्या आत. पंखा लावून कधीच बोलू नका. आपल्या कानाला तो ऐकू येईनासा होतो, माईकला मात्र येतो.

माईक. कॉलरला लावायचा वायरचा माईक काही शे रुपयांत मिळतो. तो नसला तर साधा मोबाईल चालतो, पण तो धरायचा वीतभर अंतरावर. मी आधी हात लांब करून बोलायचो. अंतर निम्मं केलं की माईकला पोहोचणारा आपला आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो, आणि मागचा गोंगाट आहे तेवढाच राहतो. पैसा न घालता मिळणारा एवढा फायदा दुसरा नाही.

पण तोंडाच्या अगदी समोर धरू नका, जरा बाजूला, गालाच्या रेषेत धरा. आपले शब्द बघा ना: फवारणी, फुलकिडे, फुलगळ, पंप, भुरी. सगळे "फ", "प" आणि "भ"चे. प्रत्येक अक्षराला तोंडातून हवेचा फटका निघतो आणि माईकमध्ये "भप्प" होतं. माझ्या बायकोच्या भरतकामाच्या रिंगणावर जुन्या ओढणीचा तुकडा ताणून मी माईकपुढे लावलाय. दिसायला हसू येतं, पण फटका तिथेच अडतो.

पातळी. रेकॉर्ड करताना आवाजाचा काटा लालमध्ये जाऊ द्यायचा नाही. सगळ्यात जोरात बोललेला शब्दही −६ डेसिबलच्या वर जाऊ नये, एवढी जागा ठेवा. हळू आवाज नंतर वाढवता येतो. फाटलेला आवाज म्हणजे जळालेलं पान, नंतर काहीही टाका, हिरवं होत नाही. आणि सुरुवातीला दहा सेकंद गप्प बसा. त्या शांततेचं काम पुढे पडतं.

बोलणं. यात मला सगळ्यात जास्त वेळ लागला. पहिला मेसेज मी एकदम आकाशवाणीवर बोलल्यासारखा केला. "शेतकरी बंधू-भगिनींनो, सद्यःस्थितीत..." मुलगी हसून लोळली. काकूला ऐकवला तर ती म्हणाली, "कोण सायेब आहेत हे?" मग ठरवलं, समोर काकू बसली आहे आणि आपण तिच्याशी बोलतोय, एवढंच धरायचं. आपल्याच बोलीत, फक्त सावकाश.

आकड्यांची मी एक यादीच केली. आपल्या मराठीत सारखे वाजणारे आकडे किती आहेत बघा: तीन आणि तीस. सात आणि साठ. आठ आणि साठ. सहा आणि दहा. एकोणीस आणि एकोणतीस. एका अक्षराचा फरक, आणि तेही बहुतेक "स", "ठ", "न" असलं अक्षर, जे छोट्या स्पीकरवर आधी मरतं. म्हणून आता आकडा एकदा बोलत नाही. "तीन मिली. एक, दोन, तीन, तेवढंच. इंजेक्शनच्या सिरिंजने मोजा, टोपणाने नको." असं बोललं की तीसचं तीन आणि तीनचं तीस व्हायला जागाच राहत नाही. मोजायचं साधन सांगितलं की आकड्याला साक्षीदार मिळतो. सिरिंजने कोणी तीस मिली भरत बसणार नाही.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी, ती माझ्या कधी ध्यानातच आली नव्हती. आपल्या भाषेत "नको" शेवटी येतं. "हे औषध त्याच्यात मिसळून फवारू नका." वाक्याच्या शेवटी श्वास संपत आलेला असतो, आवाज खाली गेलेला असतो, आणि नेमका तिथेच "नका" असतो. तो बुडाला की ऐकणाऱ्याच्या पदरात काय पडतं? "मिसळून फवारू...". अर्थ उलटा. म्हणून मनाई आता आधी सांगतो. "एक गोष्ट करायची नाही. कोणती? मिसळायचं नाही." मग थांबतो, श्वास घेतो, आणि पुढचं बोलतो.

साफसफाई आणि शेवटचा हात. मुलगी याला मास्टरिंग म्हणते. मी याला बाजारात न्यायच्या आधीची प्रतवारी समजतो. ऑडेसिटीमध्ये माझं काम एवढंच असतं:

१. चुकलेलं, खोकललेलं कापायचं. श्वास सगळे कापायचे नाहीत, माणूस यंत्रासारखा वाटतो.

२. ८० हर्ट्‌झच्या खालचं सगळं काढून टाकायचं. माणसाच्या बोलण्यात त्याच्या खाली कामाचं काही नसतं, असते ती घरघर.

३. सुरुवातीच्या दहा सेकंदांच्या शांततेचा नमुना देऊन गोंगाट कमी करायचा. पण हलक्या हाताने, ६ ते १० डेसिबल, बस्स. इथे मी कसा फसलो ते पुढे सांगतो.

४. ३००० हर्ट्‌झच्या आसपास आवाज दोन-तीन डेसिबल उचलायचा. व्यंजनं स्पष्ट होतात. फार उचललं तर पत्र्यासारखं वाजतं.

५. कॉम्प्रेसर. म्हणजे मोठा आवाज थोडा दाबायचा आणि मग सगळाच वर उचलायचा. वाक्याच्या शेवटी खाली गेलेला "नका" त्याने वर येतो.

६. शेवटी एकूण आवाज −१६ एलयूएफएसवर आणायचा, आणि सगळ्यात मोठं टोक −१ डेसिबलच्या वर जाऊ द्यायचं नाही. एलयूएफएस म्हणजे कानाला जाणवणारा मोठेपणा मोजायचं माप. युरोपात टीव्ही-रेडिओला −२३ची पातळी आहे, पण शेतात मोबाईलच्या स्पीकरवर तेवढ्याने भागत नाही.

एकच चॅनेल आणि ६४ केबीपीएसची एमपीथ्री केली की एका मिनिटाची फाईल अर्ध्या एमबीची होते. कोणाचा डेटा संपत नाही.

आता फसलेलं सांगतो. पहिल्यांदा गोंगाट काढायला शिकलो तेव्हा हातात कोलीतच आलं. सरळ २५ डेसिबल काढला. एकदम शांत! वाटलं, जिंकलो. तो मेसेज होता फ्लोनिकॅमिडचा, तुडतुड्यांसाठी, एकरी साठ ग्रॅम.

तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. आमच्या दोघांचा कापूस जुन्या घराच्या त्याच खोलीत पडतो, मधे पोत्यांची आड. एका बाजूला माझा ढीग, दुसऱ्या बाजूला त्याचा. त्या वर्षी त्याचा ढीग कमरेएवढाही नव्हता. मी रेकॉर्ड करायला बसलो की तोंड त्याच्याच ढिगाकडे व्हायचं. मुद्दाम नाही, आवाज त्या कोपऱ्यात चांगला यायचा म्हणून. पण दिसायचं सगळं.

एक दिवस तो पोतं टाकायला आला आणि मी ओढणीच्या रिंगणापुढे बसून एकटाच बोलत होतो. तो दारात थांबला. मला वाटलं आता जाईल. तो म्हणाला, "काय चालवलंय दादा?"

दोन महिन्यांनी बोलला. मी सगळं सांगितलं. "न" कसा बुडाला, "स" कुठून आला, सगळं. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "लाव बरं, काय केलंस ते."

मी मोठ्या ऐटीत साफ केलेला मेसेज लावला. त्याने ऐकला आणि म्हणाला, "एकरी आठ ग्रॅम? एवढ्याने काय होतंय?"

मी म्हणालो, "साठ बोललोय."

"मला आठ आलं."

पुन्हा लावला. आठच. गोंगाट काढणाऱ्या यंत्राला "स" आणि सळसळ यांतला फरक कळत नाही, कारण दोन्ही एकाच जातीचे. मी गोंगाट उपटायला गेलो आणि "स"ही उपटला. खुरपताना तणाबरोबर रोप जातं तसं. एनएएचं जे झालं तेच इथे झालं. मात्रेत होतं तोवर औषध, जास्त झालं की त्यानेच गळ.

आम्ही दोघं हसलो. खूप दिवसांनी. हसू ओसरल्यावर तो म्हणाला, "आता असं कर दादा. ग्रुपवर टाकायच्या आधी मला टाकत जा. मी ऐकतो."

तेव्हापासून आमची पद्धत ठरलेली आहे. मेसेज तयार झाला की आधी त्याला जातो. तो मुद्दाम घरी ऐकत नाही. गाडीवर नाही तर मोटार चालू असताना विहिरीपाशी, त्याच्या त्या जुन्या मोबाईलवर, दीडपट वेगाने ऐकतो. ऐकू आलेले आकडे कागदावर लिहितो आणि कागदाचा फोटो मला पाठवतो. मी काय बोललो ते मी त्याला सांगत नाही. कागदावरचे आकडे माझ्या वहीशी जुळले तरच मेसेज ग्रुपवर जातो. नाही जुळले तर पुन्हा कापसाच्या खोलीत. चांगल्या हेडफोनमध्ये कितीही सुंदर वाजू द्या, त्याच्या मोबाईलवर कळला नाही तर तो मेसेज नापास.

या खरिपात एकूण एकवीस मेसेज टाकले. त्याने सहा परत पाठवले. एकदा "सात" त्याला "साठ" ऐकू आलं, एकदा "नका" गेला, दोनदा मी भरभर बोललो म्हणून, आणि उरलेल्या दोनांत मागे कोंबडा आरवत होता.

आणखी दोन नियम पाळतो. एक, प्रत्येक आवाजाच्या मेसेजखाली औषधाचं तांत्रिक नाव, टक्केवारी आणि मात्रा आकड्यात लिहितो. ज्याला वाचता येतं तो वाचेल, नाही तर घरातलं शाळेतलं पोरगं वाचून दाखवेल. दोन, लेबलवर किंवा विद्यापीठाच्या शिफारशीत नाही ती मात्रा बोलायचीच नाही. आवाज कितीही स्वच्छ केला तरी चुकीची माहिती बरोबर होत नाही, उलट जास्त लोकांपर्यंत पोहोचते.

कृषी सहायक, कंपन्यांचे प्रतिनिधी, विद्यापीठातले साहेब, तुमच्यापैकीही पुष्कळ जण ही नोंद वाचतात. तुम्हाला विनंती आहे. गाडी चालवता चालवता, शिवारफेरीत, मेळाव्याच्या मांडवात उभं राहून मात्रा बोलू नका. मोबाईलवर वीस सेकंद बोलायला आपल्याला काही लागत नाही, पण समोरचा त्यावर हंगाम लावतो. आपण विसरून जातो, तो अठरा पंप मारतो.

तो जुना मेसेज मी अजून पुसलेला नाही. नवीन रेकॉर्ड करायच्या आधी कधीतरी ऐकतो. आजही त्यात "तीस"च ऐकू येतं.

यंदा भावाचा ढीग माझ्यापेक्षा वर गेलाय. खोलीतला आवाज आणखी बसका, चांगला येतोय. फक्त खाज लई सुटते.

तुमच्याकडे सारखे वाजणारे आणखी कोणते शब्द किंवा आकडे असतील तर खाली लिहा, यादीत घालतो. चूकभूल द्यावी घ्यावी.

राम राम.